आत्या, नियमपुस्तक आणि मधेच मान टाकणारा कॉम्प्युटर

शहरातल्या झाडून साऱ्या लोकांनी आत्याचा आवाज ऐकलेला होता. आत्याला पाहिलेले मात्र फार थोडे. बसस्टँडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती आणि त्या काचेवर धूळ इतक्या इमानाने बसलेली होती, की आत माणूस आहे की नुसताच आवाज, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आत आत्या असायची. तिने मायक्रोफोनवर बोट आपटून घसा साफ केला, की चहाचे कप ओठांपाशी थांबायचे, भांडणारी जोडपी भांडण तात्पुरतं स्थगित करायची आणि पळणाऱ्या पोरांच्या दंडावर आयांचा हात आपोआप पडायचा. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार आणि कुठली आज येणारच नाही, हे ती अशा काही ठामपणे सांगायची, की न येणाऱ्या गाडीबद्दलही लोकांना आदर वाटायचा.

ती आत्या झाली भाच्यामुळे. थोरल्या भावाच्या घरात ती पहिल्यापासून राहायची आणि भाचा लहानपणी खालच्या अंगणातून "आत्याऽऽ" अशी आरोळी ठोकायचा, ती गच्चीपर्यंत जायची. आवाज घराण्यातच होता. हळूहळू अख्खी इमारत तिला आत्या म्हणू लागली. तळमजल्यावरचे आजोबा तिच्याहून वयाने चांगलेच मोठे; तेही आत्या म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा.

थोरला भाऊ म्हणजे दादा. तो त्याच बसच्या डेपोत सीटा शिवायला होता. प्रवाशांनी फाडायच्या आणि दादाने शिवायच्या, असा एक न संपणारा सामना तो नोकरीभर खेळला. रिटायर झाल्यावर समोरची टीम मैदान सोडून गेली, पण दादाच्या हातातली सुई काही थांबेना. त्याने घरातल्या वस्तूंना खोळी शिवायला घेतल्या. फ्रिजला खोळ, मिक्सरला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ. छत्रीला मुळातच एक खोळ होती, ती खराब होऊ नये म्हणून तिला खोळ. शिवणयंत्राच्या खोळीसाठी यंत्रच लागणार आणि यंत्र तर खोळीत जाणार, या पेचात तो काही दिवस अडकला. शेवटी ती त्याने हाताने शिवली. वहिनी होत्या तोवर त्या म्हणायच्या, "मी एका जागी फार वेळ बसत नाही ते उगाच नाही."

भाचा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर इथेच ठेवून गेला. खिडकीजवळच्या टेबलावर स्क्रीन, खाली कीबोर्ड आणि बाजूला तो उभा डबा, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात. आत्याही तोवर रिटायर झाली होती; तिने त्यावर पत्ते खेळायला सुरुवात केली आणि बघता बघता टायपिंग, फाइली, फोल्डर असं सगळं आत्मसात केलं. आयुष्यभर मायक्रोफोनच्या बटणाशी संसार केलेल्या बाईला बटणांची भीती कसली?

आणि मग एके दिवशी ऑपरेटरचा फोन आला.

ही ऑपरेटर म्हणजे हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसणारी बाई. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. कॉलेजात जायची तेव्हा रोज बसस्टँडवर आत्याच्या आवाजाचं बोट धरून गाडी पकडायची.

"आत्या, मी तुमचा नंबर डेपोतून काढला. रागावू नका," ती म्हणाली. "माझी खात्याची परीक्षा आहे. पास झाले तर कार्यालय अधीक्षक होईन. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. आणि नियमपुस्तक नवीन निघालंय, ते कुणीच वाचून रेकॉर्ड केलेलं नाही."

"ते बोलणारं सॉफ्टवेअर असतं ना? भाचा सांगत होता."

"पुस्तकाची फोटोकॉपी इतकी पुसट आहे, की सॉफ्टवेअर दर ओळीला तोंडात गोट्या धरल्यासारखं बोलतं. परीक्षेत मी तसं लिहिलं तर नोकरीवरूनच काढतील."

आत्या हसली. मग विचारलं, "कधीपर्यंत हवं?"

"परीक्षेच्या रजेला लागेन त्याच्या आत सगळं. एकदा ऐकून भागत नाही हो, घोकावं लागतं."

"पाठव पुस्तक," आत्या म्हणाली. बसस्टँडवर एकदा सांगितलेली वेळ तिने कधी मागे घेतली नव्हती.

पुस्तक आलं. ते वीट म्हणून सहज खपलं असतं. आधी आत्याने मोबाइलवर वाचून पाहिलं, पण त्यात आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा आणि ऐन कलमात कुणाचा तरी फोन यायचा. शिवाय चुकलेलं वाक्य कापून नीट जोडायचं तर कॉम्प्युटरच हवा. तिने मायक्रोफोन आणला, टेबलाशी बसली आणि दुपारी, इमारतीतली पोरं शाळेत गेली की, वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सवयीने "कलम चार, फलाट क्रमांक चारवर" असं म्हणून गेली. ते तिने कापलं.

पहिला नमुना ऐकून ऑपरेटर म्हणाली, "वाचता छान. पण मागे गिरणी चालू आहे का?"

गिरणी म्हणजे सीपीयूचा पंखा. दादाने हे ऐकलं मात्र, त्याचे डोळे चमकले. सीपीयूला एक पातळ खोळ होतीच, कॉम्प्युटर बंद असताना घालायची. आता त्याने कामाच्या वेळची खोळ शिवली. डेपोतल्या शेवटच्या बसचा उरलेला फोम त्याने इतकी वर्षं माळ्यावर जपून ठेवला होता, त्यातला थोडा आत घातला. वर निळं रेक्झिन, कडेला पायपिंग, बटणासाठी झडप आणि मागे वायरी जाण्यापुरतं, मायेने गोट मारलेलं भोक. ती चढवली आणि खोलीत एकदम देवळासारखं शांत झालं.

"झकास!" आत्या म्हणाली. दादा त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

सुरुवातीची प्रकरणं छोटी होती आणि हवाही गार होती. सगळं सुरळीत चाललं. मग ऊन वाढलं, प्रकरणंही लांबू लागली आणि एका दुपारी, रजेच्या नियमांच्या ऐन मध्यावर, स्क्रीन काळी झाली. आवाज नाही, सूचना नाही. आत्या "अर्जित रजा" म्हणाली आणि कॉम्प्युटर रजेवर गेला.

जरा वेळाने सुरू केला तर शहाण्यासारखा सुरू झाला. पुन्हा वाचायला घेतलं, पुन्हा मधेच मान टाकली. दुसऱ्या दिवशी तेच. पानंच्या पानं वाचलेली वाया. आत्याने भाच्याला फोन लावला.

"आत्या, तो म्हातारा झालाय. नवा घे ना!"

"म्हातारी मीपण झालेय. मला बदलणार का?"

"तसं नाही गं—"

"मग दुरुस्त कसा करायचा ते सांग. निरोपाचं भाषण नकोय."

भाच्याने व्हायरस, विंडोज असं काहीबाही सांगितलं आणि त्याला मीटिंग आली. आत्याने फोन ठेवला, केस बांधले आणि चंग बांधला.

तिची स्वतःची एक पद्धत होती. डेपोत एखादी गाडी वेळेवर आली नाही, की बाकीचे लोक अंदाज बांधत बसायचे: पंक्चर झाली असेल, ड्रायव्हर जेवायला थांबला असेल. आत्या अंदाज बांधायची नाही. ती एकेका थांब्याला फोन लावून विचारायची, गाडी शेवटची कुठे दिसली? दोन थांब्यांच्या मधे गाडी सापडायचीच. आता तिने वीज हीच गाडी मानली. भिंतीतून निघते, वायरीतून जाते, डब्यात शिरते. वाटेत हरवते कुठे?

पहिला थांबा भिंत. तिने त्याच बोर्डात टेबललॅम्प लावून ठेवला. कॉम्प्युटर गेला, लॅम्प जळत राहिला. भिंत निर्दोष. दुसरा थांबा वायर. स्क्रीनची वायर आणि सीपीयूची वायर दिसायला जुळ्या बहिणी. तिने त्यांची अदलाबदल केली. स्क्रीन चालू, डबा गप्प. वायरही निर्दोष. म्हणजे गाडी डब्यातच कुठेतरी अडकत होती.

तिने खोळ काढून नीट घडी घातली, दादाच्या मदतीने डबा रिक्षात घातला आणि चौकातल्या मेकॅनिकच्या दुकानात नेऊन ठेवला. परत आणायला गेली तेव्हा मेकॅनिकने मान हलवली.

"आत्या, यंत्र ठणठणीत आहे. पॉवर सप्लाय तपासला, सगळं तपासलं. रोज दिवसभर गाणी म्हणत होतं."

"मग माझ्याकडेच का मान टाकतं?"

"तुम्ही त्याच्यासमोर काय वाचता?"

"नियमपुस्तक."

"मग त्याचं काय चुकलं? मीही दुसऱ्या पानाला आडवा झालो असतो."

"दात काढू नकोस. उपाय सांग."

"एकदा फॉरमॅट मारू. सगळं पुसून नव्याने."

"गाडी सापडत नाही म्हणून रस्ता नांगरायचा?" आत्या म्हणाली. "त्यात माझं निम्मं पुस्तक आहे. काही पुसायचं नाही. मला डबा कसा उघडायचा ते दाखव."

मेकॅनिक माणूस चांगला होता. त्याने स्क्रू दाखवले, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासून दाखवली, पंख्याखाली लावायच्या पेस्टची छोटी ट्यूब दिली आणि बजावलं, "साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आणि आधी वायर काढा. आधी म्हणजे आधी."

घरी येऊन आत्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. वायर काढली, डबा आडवा केला, एका बाजूचा पत्रा उघडला. दादा चष्मा लावून शेजारी उभा राहिला. आत इतकी धूळ निघाली, की तिचा एक लहानसा लोड झाला असता. दादाने ती चिमटीत घेऊन दाबून पाहिली.

"भरायला उपयोगी नाही," तो म्हणाला. "दबली की वर येत नाही."

"तू तिला खोळ शिवू नकोस म्हणजे मिळवलं."

रंगाच्या ब्रशने तिने कानाकोपरा झाडला. मेमरीची पट्टी खोडरबराने घासली, खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवली. पंखा काढला, खालची वाळून खपली झालेली पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. टूथपेस्टसारखी दिसते म्हणून दादाने तिचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग पत्रा तसाच उघडा ठेवून आत्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि मोठ्याने वाचत बसली. अख्खी दुपार! एकदाही मान टाकली नाही.

"झालं तुझं काम," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आत्याने पत्रा लावला, चारही स्क्रू पिळले, दादाने मागून येऊन खोळ चढवली आणि आत्या वाचायला बसली. भविष्यनिर्वाह निधीपाशी स्क्रीन काळी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वाचणाऱ्याला एव्हाना जे लख्ख दिसतंय, ते या दोघांना दिसत नव्हतं, आणि त्यात त्यांच्या अकलेचा दोष नव्हता. आपण एखाद्याला म्हणतो, "मावशी आली," तेव्हा मावशी आणि मावशीचे कपडे आले असं म्हणत नाही. या घरात वस्तू खोळीसकट वस्तू होती. थांबे मोजताना आत्याने भिंत मोजली, वायर मोजली, मेमरीची पट्टी मोजली. खोळ हा थांबा आहे हे तिच्या मनातही आलं नाही. ती खोळ तर तेव्हाही होती, जेव्हा सगळं सुरळीत होतं.

तिने निष्कर्ष काढला, तो असा: उघडा असला की शहाणा, बंद केला की वेडा, म्हणजे पत्रा लावताना एखादी वायर दबते. तिने आतल्या वायरी दोऱ्याने बांधून बाजूला केल्या. मान टाकली. दुसऱ्या पद्धतीने बांधल्या. मान टाकली. दादाने मधे पातळ कापड शिवून लावायची तयारी दाखवली, तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा टाकायला निघून गेला.

दिवस हातातून चालले होते. वैतागून तिने पत्रा काढून, उघड्या डब्याशी बसून दोन प्रकरणं वाचली आणि पाठवून दिली. संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला. आवाजात मुळीच धार नव्हती, म्हणूनच तो लागला.

"आत्या, तुमच्या मेहनतीला नावं ठेवायची नाहीत. पण मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते. घरी येऊन परत हेडफोन लावायचे, आणि त्यात हे घूंऽऽ... काल डोकं इतकं दुखलं की कलम राहिलं बाजूला, गोळी घेऊन झोपले. रजा जवळ आलीये हो."

"गिरणी नको ना?"

"गिरणी नको."

"मग नाही येणार," आत्या म्हणाली आणि फोन ठेवून त्या डब्याकडे वळली. तिने त्याला दोनचार शब्द सुनावले. ते कुठल्याही बसस्टँडवर कधी ऐकू गेले नसतील.

मग तिने एक केलं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटर गेला तरी थोडे थोडे तुकडे राखून ठेवायचं. त्यातला एक, मान टाकायच्या अगदी आधीचा, तिने ऑपरेटरला पाठवला. "तू कानाची आहेस. गाडी शेवटची कुठे दिसली, ते तूच सांग."

"दिसत नाही म्हणून मला जास्त ऐकू येतं असं समजू नका हं. लोक उगाच समजतात," ऑपरेटर म्हणाली. "पण दिवसभर लायनीतली खरखर ओळखण्याचाच पगार घेते, तेव्हा ऐकते."

थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"आत्या, सुरुवातीला पंखा अगदी बारीक आहे. मग तो वर वर चढत जातो. शेवटी तर जीव घेऊन पळतोय. पण सगळं कसं दबलेलं, जाड पांघरुणाखाली कुणीतरी धापा टाकतंय तसं. तुम्ही त्याच्यावर काही घातलंय का?"

"छे! त्याच्यावर काय घाल—"

आत्या थांबली. समोर निळ्या रेक्झिनचा, पायपिंगवाला, गुबगुबीत ठोकळा ऐटीत उभा होता.

तिने फोन तसाच टेबलावर ठेवला, उठली आणि खोळीच्या झडपेतून हात आत घातला. "आई गं!" म्हणून तो तितक्याच वेगाने बाहेर काढला. तव्याला हात लागावा तसं झालं. टेबलावरच्या फोनमधून ऑपरेटर विचारत होती, "आत्या? काय झालं? आत्या?"

"सापडली गाडी," आत्या म्हणाली. "घरातल्याच माणसाने गोधडीत गुंडाळून ठेवली होती."

पण आत्या ती आत्याच. नुसत्या चटक्यावर तिने विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पत्रा लावून, स्क्रू पिळून, फक्त खोळ न घालता वाचत बसली. दुपार टळली तरी कॉम्प्युटर जागा. मग खोळ घातली. चहा पिऊन होईस्तोवर स्क्रीन काळी. आता शंकेला जागा उरली नाही. उरला तो दादा.

हे प्रकरण नियमपुस्तकातल्या सगळ्या प्रकरणांहून अवघड होतं. ती खोळ दादाने शेवटच्या बसच्या फोममधून शिवलेली. ते निळं रेक्झिन तो रोज जाता-येता हाताने पुसायचा. पण तिकडे रजेचा दिवस जवळ आलेला. आत्याने वर्दी द्यावी तसं सरळ सांगून टाकलं.

"दादा, तुझ्या खोळीमुळे तो गुदमरतो."

दादाने शिवणयंत्रावरची मान वर केली. "बसच्या हजारो सीटा शिवल्या मी. एक तरी बंद पडली?"

"सीट चालू कधी होती?"

"म्हणजे मी केलं ते चुकलं."

"तू शांतता केलीस. उत्तम केलीस. पण त्याला श्वास लागतो. हात घालून बघ."

दादाने हात घातला. काढला. हाताकडे बघितलं. खोळ उतरवली आणि आपल्या यंत्राकडे घेऊन गेला. आत्याला वाटलं, रुसला. पण कात्रीचा आवाज आला. दादा तिला खिडक्या कापत होता. जाळी लावून, गोट मारून त्याने ती परत आणली. कॉम्प्युटर जरा जास्त वेळ चालला, पण जाळीतून घूंऽऽ बाहेर आलं आणि शेवटी मानही टाकलीच. दादाने खिडक्या वाढवल्या. घूं वाढलं. एका बाजूने उघडी ठेवून पाहिली. मग दोन बाजूंनी. जिथून वारा जायचा तिथून आवाजही जायचा, आणि त्यावर जगातल्या कुठल्याच शिंप्याकडे उपाय नव्हता. खोळीची आता नुसती लक्तरं उरली होती.

"हे होणार नाही," आत्या हळूच म्हणाली.

"होणार नाही कसं?" दादा उसळला. "यंत्राला खोळ घालायची नाही, ते उघडं ठेवायचं नाही, आवाजही नको! मग काय तुलाच घालू खोळ?"

घूंऽऽ चालूच होतं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"दादा," आत्या म्हणाली, "परत बोल."

दादाने गळ्यातली टेप काढली. "ताठ बस. खांदे सोड. ड्रायव्हरच्या सीटला बसतात तशी."

"ड्रायव्हर तरी एवढा जाड असतो का?"

"काही काही असतात."

माळ्यावर राहिलेला सगळा फोम खाली आला. भाच्याची जुनी गादी उसवली गेली. कपड्यांच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत दादाने लाकडी चौकट ठोकली आणि तिला तिन्ही बाजूंनी आणि वरून जाड अस्तर लावलं. पुढे दुहेरी पडदा. आत खुर्ची, छोटा दिवा, पुस्तक आणि मायक्रोफोन. मेकॅनिककडून लांब वायर आणून मायक्रोफोन आत घेतला आणि सीपीयू पार पलीकडे, खिडकीशी, उघडाबोडका उभा राहिला. इतक्या दिवसांनी त्याला मोकळा वारा लागत होता.

अडचण एकच उरली. आतून आत्याला स्क्रीन दिसत नव्हती आणि बाहेरून हाक मारली तर ती रेकॉर्ड झाली असती. त्यावरही दादाकडे उपाय होता. त्याने एक दोरी घेतली, एक टोक आत्याच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या हातात ठेवलं.

"सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल," तो म्हणाला.

"कंडक्टर व्हायचं होतं तर तेव्हाच व्हायचंस."

"तेव्हा उंची कमी पडली."

पहिलं प्रकरण गेलं आणि ऑपरेटरचा फोन आला तो किंचाळतच. "आत्या! मागे कुणीच नाही! नुसत्या तुम्ही!"

त्यानंतर आत्याने मान वर केली नाही. सकाळी वाचायची, दुपारी वाचायची, अधल्यामधल्या वेळात चुका कापायची. कॉम्प्युटर गार होता, पण त्याचं दुखणं आता तिच्याकडे आलं होतं. पडद्याआड ती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघायची. दर थोड्या पानांनी दादा सिंगल बेल द्यायचा, ती बाहेर यायची, तो वर्तमानपत्राने वारा घालायचा आणि ती घटाघटा पाणी पिऊन परत आत शिरायची.

"उद्या वाच उरलेलं," तो म्हणायचा.

"उद्याची गाडी उद्या," असं म्हणून पडदा पडायचा.

शेवटचं प्रकरण शिस्तभंगाचं. ते सगळ्यांत लांब निघालं. ऑपरेटरची रजा दुसऱ्या दिवसापासून लागत होती आणि ती ड्यूटी संपवून, हातातली काठी टेकत, जिने चढून थेट घरीच आली. आत्या आत होती. दादाने ओठांवर बोट ठेवलं, मग ते तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन हळूच तिच्या खांद्याला हात लावला आणि खिडकीशी खुर्ची दिली. तिने चाचपत सीपीयूवर तळहात ठेवला.

"गार आहे," ती कुजबुजली.

"हा गार आहे. शिजतीये ती आतली," दादा कुजबुजला. "बराच वेळ झाला. आता थांबवतो."

त्याने दोरी एकदा ओढली. सिंगल बेल. आतून काही नाही. त्याने पुन्हा एकदा ओढली. पडदा हलला नाही. दादा आता घाबरला आणि तिसऱ्यांदा ओढणार, एवढ्यात त्याच्याच हाताला आतून झटके बसले. एक, आणि लगेच दुसरा.

दादाने दोरी सैल सोडली. "डबल बेल," तो ऑपरेटरला म्हणाला. "आता कुणाच्या बापाचं ऐकायची नाही."

दोघं बसून राहिले. पडद्यातून आवाजाचा कणही बाहेर येत नव्हता. दादाचं अस्तर चोख होतं. अखेर पडदा सरकला आणि आत्या बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा टोमॅटोसारखा, हातात मिटलेलं पुस्तक.

"संपलं," ती म्हणाली. घोगऱ्या आवाजात. तो आवाज बसस्टँडवर कुणी ओळखला नसता.

पाणीही न पिता तिने ती फाइल जोडली, तपासली आणि ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये घातली. ऑपरेटरने हेडफोन कानाला लावले, बटण दाबलं आणि त्यातून चिमण्यांचा थवा बोलू लागल्यासारखी किलबिल बाहेर झिरपली.

"हे कोण?" आत्याने विचारलं.

"तुम्हीच. मी दुप्पट वेगात ऐकते."

"अगं बाई! मी जीव तोडून सावकाश वाचलं ते?"

"सावकाश वाचलंत म्हणून तर दुप्पट वेगातही शब्द न् शब्द कळतोय. बाकीच्यांचं दीडपटीलाच कालवण होतं." आणि तिने एक बोट वर केलं. "आता दोघंही जरा गप्प बसा. मला पास व्हायचंय."

दादाने चहाचा कप उचलला. बशी वाजेल म्हणून ती तशीच ठेवली. आत्या पदराने तोंड पुसत भिंतीला टेकली. खिडकीतल्या खुर्चीत ऑपरेटर पाठ ताठ करून बसली होती, भुवया आक्रसलेल्या, आणि प्रत्येक उपकलमाबरोबर तिचे ओठ भराभर हलत होते.